ओल्या कचऱ्याचं खत: प्रश्नावलीत सगळे 'हो' म्हणाले, खिडकीखाली कोणालाच नको

सरासरी

नमस्कार मंडळी. आमचं विद्यापीठ शहराच्या मधोमध आहे. आवार म्हणायला मोठं, पण वसतिगृहं, मेस, उपाहारगृह, प्राध्यापकांची निवासस्थानं सगळं एकमेकांना खेटून. मी शिकवते सांख्यिकी, आणि "मॅडम, प्रश्नावली तुम्हीच करा" म्हणत मला हरित समितीत घातलं. मेसचा आणि उपाहारगृहाचा ओला कचरा आवारातच कुजवून खत करायचं, असा प्रस्ताव आहे.

प्रश्नावली केली. सुरुवातीला वातावरणनिर्मिती म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा आकडा टाकला (२०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं २८ टक्के खानपान व्यवसायातलं). मग विचारलं, 'आवारात खत प्रकल्प व्हावा असं वाटतं का?' जवळजवळ सगळे 'हो'. समिती खूश. मग जागा ठरली, एका वसतिगृहाच्या मागची. आठवड्याच्या आत त्या वसतिगृहातून सह्यांचं निवेदन आलं. पाठोपाठ निवासस्थानांतूनही. सह्या करणाऱ्यांत माझ्या प्रश्नावलीला 'पूर्णपणे सहमत' म्हणणारे असणारच, गणितच तसं आहे.

पूर्वी याच आवारात एक उघडा खड्डा होता म्हणे. पावसात भरून वाहायचा, म्हणून बुजवला. ज्यांनी तो पाहिलेला नाही तेही त्याच्या वासाबद्दल अधिकारवाणीने बोलतात.

सध्या हिरवे-निळे डबे ठेवलेत, पण दोन्हींत तेच ते. समितीतले बाकीचे म्हणतात जनजागृती कमी पडतेय, पोस्टर लावू, पथनाट्य करू. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे मांडताही येत नाहीये. कोणी आवारात असा प्रकल्प प्रत्यक्ष चालवला आहे का? लोकांनी तो स्वीकारावा म्हणून नेमकं काय करावं लागतं?

---

उंटावरचा

दंड लावा. परीक्षेच्या फॉर्मला जोडा. 'ओला-सुका वेगळा न केल्यास हॉल तिकीट नाही.' एका सत्रात स्वीकार, आदर, भक्ती सगळं येईल.

(अर्धं गंमतीत म्हणतोय. अर्धं नाही.)

---

चौथामजला

मी विद्यार्थी आहे आणि माझ्या खिडकीखाली असं युनिट आहे, त्यामुळे बोलायचा हक्क माझा.

दंडाचं सोडा. आल्यावर पहिलं वर्षभर मी इमानेइतबारे वेगळं टाकत होतो. एका पहाटे सबमिशन संपवून गॅलरीत उभा होतो, तर खाली दोन्ही डब्यांच्या पिशव्या एकाच गाडीत जाताना दिसल्या. फोटो ग्रुपवर गेला. त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर कोणी वेगळं टाकलं असेल तर तो नवीन प्रवेशवाला. हे झाल्यावर तुम्ही कितीही पथनाट्यं करा, प्रेक्षकांत बसून आम्ही टाळ्या वाजवू आणि बाहेर पडताना कप हिरव्या डब्यात टाकू.

निवेदनावर सह्या करणाऱ्यांना पर्यावरणाचे शत्रू समजू नका, एवढंच. आम्हाला जागा ठरल्यावर कळलं. ठरण्याआधी विचारलं असतं तर काही जणांनी कदाचित होही म्हटलं असतं.

---

भुसा_घाला

सरासरीताई, मी एका विद्यापीठाच्या इस्टेट विभागात पर्यवेक्षक आहे आणि खताचं युनिट माझ्याकडेच आहे. बरीच वर्षं झाली. लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी प्रश्नावली. १०५ कोटी टनांचा आकडा वाचायला देऊन लगेच 'खत व्हावं का' विचारलंत, तर नाही कोण म्हणेल? तुम्ही सांख्यिकीवाल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. आइझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडणी केली होती, ती या विषयावरच्या बहुतेक अभ्यासांत येते: माणूस एखादी गोष्ट करेल की नाही हे त्याच्या मतावर ठरतं, आजूबाजूच्यांना काय वाटतं यावर ठरतं, आणि ती गोष्ट आपल्याला जमण्यासारखी आहे असं त्याला वाटतं का, यावरही ठरतं. तुम्ही फक्त मत विचारलंत. तुमच्या आवारात अडतंय ते तिसऱ्यापाशी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही बहुमजली इमारतींत ओल्या कचऱ्याचे डबे तळमजल्यावरून उचलून प्रत्येक मजल्यावर ठेवले, तर वेगळा पडणारा ओला कचरा सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. लोक तेच, मतं तीच, जिने उतरावे लागेनात एवढाच फरक. पुढची प्रश्नावली करण्याऐवजी चार डबे ताडपत्रीवर उलटे करा आणि काय निघतं ते तोला. डबा खोटं बोलत नाही.

पोस्टरबद्दल तुमची शंका रास्त आहे. त्यातही 'आपल्याकडे कोणीच कचरा वेगळा करत नाही, लाज वाटू द्या' या थाटाचं पोस्टर तर अजिबात लावू देऊ नका. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. तिथे चियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाट्यांचा प्रयोग केला. 'आजवर पुष्कळ लोकांनी लाकूड नेलं' असं सांगणारी पाटी लावली तेव्हा चोरी वाढली. सगळेच करतात म्हटल्यावर माणूस निश्चिंत होतो.

आता वास. विरोधाचं खरं नाव वास आहे, बाकी सगळी कारणं त्याच्या पाठीमागे उभी असतात. आणि 'खताला वास येणारच' असं म्हणणारा अधिकारी समितीत असेल तर त्याला आधी बाजूला घ्या. नीट कुजणाऱ्या ढिगाला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. दुसरा कुठलाही वास आला तर काहीतरी बिघडलंय आणि काय बिघडलंय हे नाकालाच कळतं. सडक्या अंड्याचा वास आला की समजायचं, आत हवा पोचत नाही, हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. हा वायू अब्ज भागांत काही मोजके भाग असला तरी माणसाच्या नाकाला लागतो, त्यामुळे चौथ्या मजल्यावरची तक्रार खोटी नसते. ओकारीसारखा आंबट वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल आणि त्याची भावंडं. तेही हवा नसल्याचंच लक्षण, उरलेलं शिजवलेलं अन्न एकदम ओतलं की हटकून येतं. डोळ्यांत झोंबणारा अमोनिया आला तर नत्र जास्त झालंय, सुकं कमी पडलंय.

औषध एकच, माझं नाव वाचा. शिजलेल्या अन्नात कार्बन-नत्राचं प्रमाण साधारण १५ ला १ असतं, कुजवायला हवं २५ ते ३० ला १. ही तफावत पालापाचोळा, भुसा, फाडलेला पुठ्ठा यांनी भरून काढायची. बादल्यांच्या भाषेत एक बादली ओलं तर दोन बादल्या सुका पाला. शहरातल्या आवारात नेमका पाल्याचाच दुष्काळ असतो, कारण पानगळीत गोळा झालेला पाला आपण आपल्या हाताने गाडीत भरून पाठवून देतो. म्हणून डबे खरेदी करण्याआधी, जागा ठरवण्याआधी, पाला साठवायला छप्पर करा. ज्या दिवशी सुकं संपेल त्या दिवशी तुमचा प्रकल्प बदनाम होईल. सुतारकामाच्या वर्कशॉपचा भुसा चालतो, पण प्लायवुडचा आणि रंगवलेल्या लाकडाचा नको. परीक्षा विभाग तुम्हाला जुन्या उत्तरपत्रिका देऊ करेल, मोठ्या उदारपणे. कागद ओला झाला की त्याचा लगदा होऊन हवा बंद होते, म्हणून थोडाच घ्या. पुठ्ठा बरा.

रोजचं काम सांगते. सकाळी झाकण उघडलं की पहिल्यांदा नाक. मग लांब दांड्याचा थर्मामीटर मधोमध खुपसायचा. ढीग घनमीटरभर तरी असेल आणि मिश्रण जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत ५५ अंशांच्या वर जातं. बंद पेटीत सलग ३ दिवस ५५ टिकलं की रोगजंतूंची चिंता मिटते. मग मूठभर काढून पिळायचं. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला घाला, हात कोरडाच राहिला तर पाणी मारा. तपमान, ओल, काय घातलं, हे सगळं बाहेर टांगलेल्या फळ्यावर. हो, बाहेर. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. सुरुवातीला पोरं फळ्यावर काहीबाही लिहायची, मग 'आज ६२!' म्हणून फोटो काढू लागली.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे ते. तुमची समिती 'समाजाचा स्वीकार' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी असतात. विद्यार्थी दोन-तीन वर्षांचे पाहुणे, दरवर्षी एक तुकडी जाते, दुसरी येते आणि तुमची जनजागृती पदवी घेऊन बाहेर पडते. आवारात कायम राहतात ते मेसचे कामगार, सफाईचे लोक आणि माळी. यांतल्या कोणाला प्रश्नावली दिली होतीत का? माझा अंदाज, नाही. कचरा कालवला जातो तो बहुतेकदा इथेच आणि त्याला कारणं असतात. सफाई ठेकेदाराच्या माणसाला एकच ढकलगाडी दिलेली असते, फेऱ्या ठरलेल्या, वेळ ठरलेली. दोन पिशव्या वेगळ्या न्यायच्या तर त्याच्या दोन फेऱ्या, पैसे तेवढेच. त्याने एका गाडीत टाकलं तर मी त्याला दोष देणार नाही. गाडीला मधे पत्रा लावून दोन कप्पे करा. ठेक्याच्या करारात वेगळी वाहतूक आणि तिचा मोबदला लिहा. हातमोजे, बूट, जवळ नळ आणि साबण, कपडे बदलायला आडोसा. हे नसेल तर प्रकल्पाचं उद्घाटन करू नका. कुजलेल्या अन्नात हात घालायचं काम कोणाच्या गळ्यात पडणार, हे गृहीत धरून आपण पर्यावरणाच्या गप्पा मारतो, ते मला फार खुपतं.

म्हणून सुरुवात ताटातल्या उष्ट्याने करू नका. स्वयंपाकघरात कापाकापीच्या वेळी निघणारा कचरा घ्या: साली, देठं, टरफलं, चहाचा चोथा. त्यात प्लास्टिक नसतं, तेल-मीठ नसतं, वास कमी, आणि तो वेगळा ठेवायला हजारो विद्यार्थ्यांना पटवावं लागत नाही, मेसच्या दहा-बारा माणसांशी बोललं की भागतं. दोन सत्रं एवढंच करा. वास येत नाही हे खिडकीतल्या लोकांना स्वतःच्या नाकाने कळू द्या. मग ताटातलं.

आणि खिडकीतल्या लोकांबद्दल शेवटचं. ज्यांच्या खिडकीखाली पेटी ठेवणार, त्यांच्या हातात चावी द्या. लेखी. वसतिगृहाच्या प्रतिनिधीने वासाची तक्रार फळ्यावर लिहिली की नवीन कचरा घेणं त्या क्षणी बंद, आणि वास गेल्याची सही त्यानेच केल्याशिवाय परत सुरू नाही. आमच्याकडे हे करायला वरिष्ठ तयार नव्हते, 'रोज बंद पाडतील' म्हणाले. रोज कोणी बंद पाडत नाही. हक्क हातात आला की लोक तो जपून वापरतात, नसला की सह्या गोळा करतात.

---

उंटावरचा

भुसाताई, दंडवत. हॉल तिकिटाचा प्रस्ताव मागे घेतो.

एक शंका. '२४ तासांत खत' करणारी यंत्रं मिळतात ना? बटण दाबा, दुसऱ्या दिवशी पावडर. एवढा पाला, थर्मामीटर, फळा कशाला?

---

भुसा_घाला

ती यंत्रं कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. आकारमान कमी होतं, वास दबतो, वाहतुकीला सोपं पडतं, तेवढ्यासाठी घेत असाल तर घ्या. पण ते खत नव्हे. ती पावडर ओली करा, पुन्हा कुजायला लागते, आणि झाडाच्या मुळाशी घातलीत तर तिथेच गरम होते. शिवाय वीज खाते ती वेगळीच.

याच माळेतला दुसरा मणी म्हणजे 'कुजणारे' चमचे आणि कप. उपाहारगृहवाला अभिमानाने दाखवेल. पीएलएचे, म्हणजे मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून केलेल्या प्लास्टिकचे असतील तर ते साधारण ६० अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे राहिले तरच विरघळतात, म्हणजे औद्योगिक युनिटमध्ये. ईएन १३४३२ या युरोपीय मानकाची अटच अशी की १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये, आणि ती चाचणीही औद्योगिक परिस्थितीतली. आपल्या पेटीतून तो चमचा जसाच्या तसा बाहेर येतो, फक्त मळका होऊन. तो बघून विद्यार्थ्यांना वाटतं हे सगळंच थोतांड आहे. धुऊन परत वापरायची भांडी ठेवा आणि विषय संपवा.

---

निळीज्योत

बायोगॅसचा विचार केलात का? टाकी बंद असते, त्यामुळे वासाचा प्रश्न बराच सुटतो, आणि मेसमध्ये निळी ज्योत पेटलेली दिसली की पटवून द्यावं लागत नाही. एक टन अन्नकचऱ्यातून ढोबळमानाने शंभर घनमीटर वायू मिळतो, त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन. मोठ्या प्रमाणावर करणारी विद्यापीठंही आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात २०१४ मध्ये जुन्या कचराभूमीच्या जागेवर दिवसाला ५० टन जैविक कचरा घेण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला.

पण या क्षेत्रात काम करतो म्हणूनच सावध करतो. टाकीतले जीवाणू रोज जेवायला मागतात. विद्यापीठाला सुट्ट्या लागल्या, मेस बंद झाली की ते उपाशी. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी भरभरून कचरा ओतला की आत आम्ल साचतं, मिथेन करणारे जीवाणू दबतात, आणि टाकी 'आंबते'. मग पूर्ववत व्हायला आठवडे. सुट्टीआधी हळूहळू कमी, नंतर हळूहळू वाढवत न्यायचं, हे रोज बघणारा माणूस पगारावर नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणि टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ रबड्याचं, म्हणजे स्लरीचं काय करणार ते आधी ठरवा. शहरात ती पसरायला शेत नसतं.

---

चौथामजला

सुट्टीचा मुद्दा खताच्या पेटीलाही लागू आहे का? आमच्याकडे सुट्टीवरून आलो की पहिले काही दिवस चिलटंच चिलटं.

---

भुसा_घाला

पेटीला उपासाचं काही वाटत नाही, ढीग नुसता थंड होतो. चिलटं येतात ती उघड्या राहिलेल्या अन्नावर. सुट्टीआधी शेवटचा कचरा टाकला की वर वीतभर पाल्याचा किंवा तयार खताचा थर द्यायचा, सालं-देठं कुठेही डोकावता कामा नयेत. तुमच्याकडे बहुतेक शेवटच्या दिवशी मेसने भांडाराची साफसफाई केली आणि सगळं एकदम ओतून कुलूप लावून गेले. इस्टेटला सांगा. आणि फळा आहे का तुमच्याकडे? नसेल तर आधी तो मागा.

---

सरासरी

सगळ्यांचे आभार. भुसाताई, तुमचा प्रतिसाद छापून समितीत वाचला. डबे उलटे करून बघायचं ठरलंय, आणि ठेकेदाराच्या लोकांशी मी स्वतः बोलले. दोन कप्प्यांच्या गाडीची मागणी त्यांनी याआधीच केलेली होती, अर्ज इस्टेटच्या फाइलमध्ये सापडला. जागेवर पुन्हा चर्चा होईल, या वेळी वसतिगृहाचे दोन प्रतिनिधी बैठकीत असतील. चावी त्यांच्याकडे द्यायला कुलसचिव का-कू करताहेत, पण नाही म्हणालेले नाहीत. पथनाट्य मात्र होणारच आहे, ते मला रोखता आलं नाही.

नवीन अडचण माळ्यांची आहे. ते म्हणतात, मागच्या खड्ड्यातलं खत घातलं तेव्हा रोपं जळाली, आता तुमचं खत आम्ही घेणार नाही. खत कोणी घेतलंच नाही तर एवढं सगळं करून ढीग लावायचा कुठे?

---

भुसा_घाला

माळी बरोबर सांगताहेत. कच्चं खत घातलं की ते मुळाशीच कुजत राहतं, मातीतलं नत्र ओढून घेतं, सेंद्रिय आम्लं आणि अमोनिया रोपाला भोवतात. गरम टप्पा संपला म्हणजे खत झालं असं समजून घाईने उचलतात, तिथे घोटाळा होतो. त्यानंतर निदान महिना-दीड महिना नुसतं मुरायला ठेवावं लागतं आणि त्यासाठी वेगळी जागा लागते. आराखड्यात ती धरली आहे का बघा, बहुतेक वेळा विसरलेली असते.

दोन चाचण्या आहेत, दोन्ही बिनखर्चाच्या. ओलसर खत झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, बंद करून आठवडाभर सावलीत ठेवायचं. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं, आंबूस किंवा अमोनियाचा आला तर अजून मुरू द्या. दुसरी, लवकर उगवणाऱ्या कुठल्याही बिया दोन कुंड्यांत पेरा, एकात नुसती माती, दुसरीत खत मिसळलेली. दुसरीत कमी उगवल्या किंवा कोंब पिवळे पडले तर खत कच्चं.

दोन्ही चाचण्या माळ्यांनाच करू द्या, त्यांच्याच कुंड्यांत. आणि पहिलं खत कुठे घालायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. कुलगुरूंच्या बंगल्यापुढच्या गुलाबांना घालायचा आग्रह वरून होईल, तो मोडून काढा. आधी कुंपणाकडेच्या झाडांना.